काठी वाजूलालीय

मार्च लागला की मराठवाड्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या पोरांना अंध माणसांचा अचानक कळवळा येतो. फेब्रुवारीपर्यंत ही पोरं कॅन्टीनमध्ये सुखात असतात. मग प्रोजेक्ट जमा करायची तारीख नोटीस बोर्डावर लागते आणि 'स्मार्ट ब्लाइंड स्टिक' जन्माला येते. पीव्हीसीचा पाइप, त्याला काळ्या टेपनं गुंडाळलेलं आर्डुइनो, पुढं दोन गोल डोळ्यांचा अल्ट्रासॉनिक सेन्सर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक बझर. अडथळा आला की बझर वाजतो. बाहेरून आलेले परीक्षक डोळे मिटून चार पावलं चालतात, भिंतीपाशी काठी कोकलते, परीक्षक डोळे उघडून 'व्हेरी गुड, समाजोपयोगी' म्हणतात आणि काठी लॅबमधल्या कपाटावर चढते. तिथं मागच्या बॅचची काठी आधीच असते. तिच्यामागं त्याच्या मागच्या बॅचची. या सगळ्या व्यवहारात अंध माणूस कुठंच नसतो, आणि त्याच्यावाचून कुणाचं काही अडतही नाही.

आमची टीम अशाच एका कपाटाखालून निघाली. नांदेडला १९८१पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्यामुळं सोल्डरिंग येणारी पोरं शहरात मुबलक. त्यातल्या एकानं अशीच काठी करून चांगली ग्रेड मिळवली होती, आणि पुढं त्या ग्रेडचीच त्याला लाज वाटायला लागली. तो आमचा इलेक्ट्रॉनिक्सवाला पोरगा. दुसरे टर्नर मामा, एमआयडीसीत लेथवर हयात गेलेले. मिलिमीटरच्या खाली बोलायचं असलं तरच ते तोंड उघडतात. तिसरी लातूरची ताई. ती स्वतः अंध आहे, स्पर्धा परीक्षा देते आणि आमचं सॉफ्टवेअर तपासते. चौथा मी. ज्याला काहीच येत नाही त्याला अहवाल लिहायला बसवतात, या न्यायानं अर्ज, कोटेशन आणि अहवाल माझ्याकडं.

आणि सर. सर टीममध्ये नाहीत, टीमच्या डोक्यावर आहेत. तेही अंध, बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते. एके काळी बँका आणि सरकारी कचेऱ्या अंध उमेदवारांना आवर्जून या जागेवर घेत. पुढं एक्स्चेंज आपोआप जोडायला लागली आणि जागा गेल्या. सर मात्र निवृत्त होईपर्यंत टिकले. निम्मं नांदेड ते आवाजावरून ओळखतात आणि उरलेल्या निम्म्याची कर्जं त्यांना माहीत आहेत.

पहिली काठी आम्ही सरांच्या हातात दिली ती त्यांच्याच गल्लीत. दोन पावलं गेले तोच ती वाजली. सर थांबले.

"हे वाजूलालंय कामून?"

"सर, पुढं भिंत आहे."

"ती तर माझ्या जन्माआधीपासून आहे. तिला काय झालं?"

पुढं सरांना वजिराबादच्या बाजारात नेलं. तिथं एका माणसापासून दुसऱ्या माणसापर्यंत एक मीटर अंतर सापडणं हे संचारबंदीतच शक्य. काठी जी वाजायला लागली ती थांबेचना. डावीकडं फळगाडी, उजवीकडं उभी केलेली मोटारसायकल, पुढं एक काकू आणि काकूंच्या पुढं शेळी. सगळ्यांबद्दल तिचं मत एकच. मागून एक जण ओरडला, "रिव्हर्स येऊलाले का?" लोक बाजूला झाले खरे, पण ते काठीच्या पांढऱ्या रंगाला बघून नव्हे, कुठला तरी टेम्पो मागं येतोय असं समजून. सरांनी काठीची घडी केली, आमच्या पोराच्या हातात दिली आणि पिशवीतून स्वतःची जुनी काढली. "ही बोलत नाही," म्हणाले, "म्हणून मला ऐकू येतं."

त्या एका वाक्यावर आमची टीम आजपर्यंत जगते आहे. अंध माणूस रस्ता कानानं वाचतो. काठीचं टोक फरशीवर वेगळं वाजतं, डांबरावर वेगळं, गटाराच्या लोखंडी जाळीवर वेगळं. दुकानाचं शटर उघडं आहे की बंद, हे आवाज घुमण्यावरून कळतं. अशा माणसाच्या कानाशी आम्ही बझर लावला होता. लग्नघरात एक उत्साही काका असतो, काम काडीचं नाही आणि सूचना ढीगभर, तसं ते यंत्र. भारतात लोकांना आधीच मदतीची उबळ फार. सरांना आजवर कितीतरी सज्जनांनी दंडाला धरून रस्ता ओलांडून दिला आहे, आणि त्यातल्या निम्म्या वेळा सरांना रस्ता ओलांडायचा नव्हता. ते रिक्षाची वाट बघत होते.

खरं तर ही पांढरी काठी ज्यानं शोधली त्याची अक्कल आमच्यापेक्षा बरी होती. १९२१ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल गावात जेम्स बिग्ज नावाचा फोटोग्राफर अपघातात दृष्टी गमावून बसला. घराभोवती मोटारी वाढलेल्या. त्यांना आपण दिसावं म्हणून त्यानं आपल्या काठीला पांढरा रंग मारला. म्हणजे या क्षेत्रातला पहिला मोठा शोध एक डबा रंगाचा होता, आणि तोही डोळस लोकांच्या सोयीसाठी. पुढं १९४४च्या सुमाराला अमेरिकेत व्हॅली फोर्जच्या लष्करी रुग्णालयात रिचर्ड हूव्हर यांनी युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी लांब काठी आणि ती डावी-उजवीकडं फिरवत चालण्याची पद्धत बसवली. लांबी वाढवली, वजन कमी केलं, हात कसा फिरवायचा ते शिकवलं. तेवढ्यावर जग आजही चालतं आहे. खड्डा, पायरी, गटार, झोपलेलं कुत्रं, हे सगळं ती काठी एका टोकानं सांगते आणि चार्जिंग मागत नाही.

उलट आमच्या सेन्सरला खड्डा म्हणजे काय हेच माहीत नाही. तो चाळीस किलोहर्ट्झचा आवाज सोडतो, तो आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि अंतर काढतो. दोन सेंटिमीटरपासून चार मीटरपर्यंत, तेही पुढ्यात आवाज परतवणारं काही असेल तर. खड्ड्यात काहीच नसतं, म्हणूनच तो खड्डा. महापालिकेनं खोदलेल्या चरीपाशी यंत्र अत्यंत समाधानानं गप्प बसतं. तिरप्या पत्र्यावरून आवाज भलतीकडं जातो, साडीच्या दुकानाबाहेर लटकवलेल्या साड्या तो पिऊन टाकतात. त्यात आमचा उन्हाळा. हवा तापली की आवाज जोरात पळतो. दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर. वीस अंशांना बसवलेलं यंत्र त्रेचाळीस अंशांत बाहेर काढलं तर तीन मीटरवरची भिंत त्याला बारा-एक सेंटिमीटर जवळ आलेली दिसते. पोरानं तापमानाचा सेन्सर टाकून हे दुरुस्त केलं आणि सरांना अभिमानानं सांगितलं. सर म्हणाले, "त्रेचाळीस डिग्रीत मी घराबाहेर पडूलालो असं तुला कुणी सांगितलं?"

यावर हुशार माणसांनी आधीच विचार केलेला आहे. दिल्लीच्या आयआयटीत प्रा. एम. बालकृष्णन यांच्या गटानं, विद्यार्थ्यांच्या एका प्रोजेक्टपासून सुरू करून, 'स्मार्टकेन' तयार केली. ती २०१४ साली बाजारात आली, किंमत तीन हजारांच्या आसपास, जेव्हा परदेशी काठ्या तिच्या कितीतरी पट महाग होत्या. तिचं शहाणपण दोन गोष्टींत आहे. एक, ती वाजत नाही, मुठीत थरथरते. दोन, जमिनीचं काम ती पांढऱ्या काठीकडंच ठेवते आणि स्वतः फक्त गुडघ्याच्या वरचं बघते, कारण काठीला तेवढंच कळत नाही. प्रोजेक्ट सुरू झाल्यापासून बाजारात यायला बरीच वर्षं लागली. त्यातला मोठा वेळ अंध माणसांच्या हातात देण्यात, परत घेण्यात आणि पुन्हा देण्यात गेला. आमच्याकडच्या कपाटावर चढणाऱ्या काठीला मार्च ते एप्रिल एवढाच वेळ मिळतो.

गुडघ्याच्या वर नांदेडात काय काय आहे याची यादी करायला आम्ही निघालो तेव्हा कळलं की आपलं शहर जमिनीवर कमी आणि डोक्याच्या उंचीवर जास्त वसलेलं आहे. टपरीच्या पत्र्याची कड. मांडवाचा तिरका दोर. वाढदिवसाच्या फ्लेक्सचा खालचा लोखंडी कोपरा, त्यावर हात जोडलेले भावी नगरसेवक. एसीचं बाहेरचं खोकं. उसाच्या ट्रॉलीतून मागं लोंबणारी मोळी. लिंबाची फांदी, जिला हात लावायला शेजारी तयार नाहीत. डोळस माणूस हे सगळं मान वाकवून चुकवतो आणि आपण मान वाकवली हेही त्याच्या लक्षात राहत नाही. सरांच्या कपाळावर मात्र त्याची नोंद आहे. "ही खूण तरोड्याची," ते बोट ठेवून सांगतात, "आणि ही एका नेत्याच्या पन्नाशीची."

लातूरला गंजगोलाईत गेलो तर तिथली गोष्टच निराळी. १९१७ सालची ती गोल बाजारपेठ, चहूबाजूंनी सोळा रस्ते येऊन मिळतात. नकाशावर सुंदर. सोळा रस्त्यांच्या तोंडाशी उभं राहून 'आता कुठं' हे यंत्राला विचारलं तर यंत्र तर सोडाच, डोळस माणूसही सांगू शकत नाही. ताई मात्र अत्तराचं दुकान, मसाल्याचं दुकान आणि भांड्यांचा आवाज धरून सरळ चालत गेली. मामा तिच्यामागं. मी आणि पोरगा गुगल नकाशा बघत चुकीच्या रस्त्याला लागलो.

एकदा पोराच्या मनात आलं की आपण अंधत्व अनुभवल्याशिवाय यंत्र कसं करणार. त्यानं डोळ्यांवर उपरणं घट्ट बांधलं आणि आम्ही काम करतो त्या गाळ्यातून बाहेर पडला. पायरी चुकला, खांबाला मिठी मारली, ओट्यावर बसून गहिवरला. म्हणाला, "सर, मला कळलं तुम्ही किती सोसता." सर म्हणाले, "लेकरा, तू अंध झाला नाहीस. तू आंधळी कोशिंबीर खेळूलालास." कुठल्याही नव्या माणसाला पहिल्या दिवशी जे जमत नाही तेच त्याला जमलं नव्हतं, त्यावरून सरांची साठ वर्षं मोजायची म्हणजे पहिल्यांदा पाण्यात पडलेल्यानं गोदावरीच्या कोळ्याची कीव करण्यापैकी झालं. तेव्हापासून गाळ्यात उपरणं फक्त घाम पुसायला वापरतात.

मग आम्ही उलट सुरुवात केली. सरांना विचारलं, काय पाहिजे? आम्हाला वाटलं, कॅमेरा, चेहरा ओळखणं, असं काही सांगतील. सर म्हणाले, "नोट."

२०१६ आधीच्या नोटांत शंभर, पाचशे आणि हजार यांच्या लांबीत दहा-दहा मिलिमीटरचा फरक होता. बोटांत धरली की कळे. नव्या मालिकेत शंभरची नोट १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. फरक चार मिलिमीटर, रुंदी तिन्हींची ६६. शंभरवर उठावाचा त्रिकोण आहे, पाचशेवर वर्तुळ, कडेला तिरक्या रेषा आहेत. कोऱ्या नोटेवर ते छान लागतात. पण कोरी नोट आपल्याकडं लग्नाच्या पाकिटात असते. बाजारातली नोट भाजीवालीच्या कमरेतून, ड्रायव्हरच्या खिशातून, पावसातून आलेली असते आणि तिच्यावरचा त्रिकोण केव्हाच सपाट झालेला असतो. रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२० रोजी 'मणी' नावाचं ॲप काढलं. मोबाईलचा कॅमेरा नोटेवर धरला की ते किंमत सांगतं. चांगलं आहे. फक्त भाजीवालीसमोर, मागं सात जण उभे असताना, एका हातात पिशवी, एका हातात काठी आणि तिसऱ्या हातात मोबाईल धरावा लागतो.

मामांनी ऐकलं, एक अक्षर बोलले नाहीत, आणि पितळेची एक पट्टी करून आणली. नोट एका टोकाला लावायची, पट्टीभोवती घ्यायची, दुसरं टोक कुठल्या खाचेपाशी येतं ते अंगठ्यानं बघायचं. अशा पट्ट्या नव्या नाहीत. मामांची फक्त खाच अशी आहे की घामेजल्या अंगठ्यालाही लागते. बॅटरी नाही, ॲप नाही, अपडेट नाही. सरांनी ती खिशात टाकली ती परत दिलीच नाही. आमच्या सगळ्या उपकरणांत एवढ्या एकाच उपकरणाला चोरीला जाण्याइतकी लोकप्रियता मिळाली.

अनुदानाच्या मुलाखतीला मी ही पट्टी घेऊन गेलो. समितीतले एक साहेब ती उलटसुलट करून म्हणाले, "यात एआय आहे का?" मी म्हणालो, "नाही साहेब, पितळ आहे." अनुदान मिळालं नाही. साहेबांना दोष देत नाही. त्यांच्या फॉर्ममध्ये पितळासाठी रकाना नव्हता. तसं मोठं काम या देशात होतं आहे. गोव्याच्या बिट्स पिलानीत शिकलेल्या पोरांनी 'ॲनी' हे ब्रेल शिकवणारं यंत्र केलं, नाव हेलन केलरच्या शिक्षिकेवरून. मुंबईत आयआयटीतून निघालेल्यांनी 'ब्रेलमी' हा वीस अक्षरांची ओळ बोटांखाली उमटवणारा डिस्प्ले बनवला. आम्ही त्यांच्याकडं आदरानं बघतो आणि मामांना सांगतो की तुमचं पितळही काही कमी नाही. मामा मान हलवतात. त्यांना ते आधीच माहीत असतं.

ताईचं प्रकरण वेगळं. तिचा मोबाईल इतक्या वेगानं बोलतो की आम्हाला नुसती चिमण्यांची चिवचिव ऐकू येते. ती त्यातून आख्खी राज्यघटना काढते. अभ्यासाच्या लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या मुलीला वेग कमी करा म्हणणं हाच अपमान. तिची अडचण रस्त्यावर नाही, कागदावर आहे. कुठल्या तरी क्लासच्या नोट्स पीडीएफमध्ये येतात आणि त्या कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. डोळ्याला ते मराठी दिसतं, पण संगणकाच्या पोटात ती इंग्रजी अक्षरं असतात. त्यामुळं पडद्यावर 'नांदेड' असलं तरी तिचा स्क्रीन रीडर शांतपणे वाचतो: यू, के, ए, एन, एस, कॅपिटल एम. पूर्ण पान असं वाचून झालं की तो पुढच्या पानाची परवानगी मागतो. आमच्या पोरानं कृतिदेवचं युनिकोड करणारी सोय तिच्या मोबाईलवर बसवून दिली, त्या दिवशी ताईनं पहिल्यांदा 'बरं झालं' असं म्हटलं. लातूरमध्ये याला जाहीर सत्कार समजतात.

बँकेच्या ॲपनं तर कमालच केली. खातं उघडायला 'तुम्ही जिवंत आहात हे सिद्ध करण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा' असं त्यानं तिला सांगितलं. हा प्रकार एकट्या ताईचा नव्हे. असाच प्रश्न घेऊन ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि स्वतः अंध असलेले वकील अमर जैन सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयानं डिजिटल सेवा सगळ्यांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगून केवायसी सुधारण्याचे वीस निर्देश दिले. म्हणजे डोळे न मिचकावताही माणूस जिवंत असू शकतो, हे ठरवायला देशाचं सर्वोच्च न्यायालय लागलं.

राहता राहिले काठ्या वाटपाचे कार्यक्रम. १५ ऑक्टोबरला पांढऱ्या काठीचा दिवस, ३ डिसेंबरला दिव्यांग दिन, ४ जानेवारीला लुई ब्रेलची जयंती. या तीन तारखांना आम्हाला फार मागणी. उरलेल्या वर्षात फोन मीच करतो. अशाच एका कार्यक्रमात सरांना मंचावर बोलावून काठी दिली. काठी एक, तिला धरलेले हात मोजवेनात. सरांचा हात त्यात सगळ्यात शेवटी पोचला. फोटोग्राफर ओरडला, "काका, कॅमेऱ्याकडं बघा!" सर म्हणाले, "तू बोलत राहा, मी बघतो." फोटो झाला. सगळे हसले. मंचावरून उतरताना मांडवाच्या दोरानं सरांचं कपाळ पुन्हा शोधून काढलं.

म्हणून आता यंत्राची नवी आवृत्ती होईपर्यंत एक विनंती, खास नांदेड आणि लातूरच्या दुकानदार बंधूंना. तुमच्या पत्र्याची पुढची कड साडेसहा फुटांच्या वर घ्या. वेल्डरला दुपारचं काम आहे. फ्लेक्स लावताना नेत्यांना थोडं अजून वर चढवा, त्यांची हरकत असणार नाही. मोटारसायकल फूटपाथवरून खाली काढा. आणि पांढरी काठी घेतलेला माणूस रस्त्याच्या कडेला उभा दिसला तर दंडाला धरण्याआधी विचारा, कुठं जायचंय. तो लोहा-अहमदपूर गाडीची वाट बघत असेल, तर पाटी मोठ्यानं वाचून दाखवा. एवढं झालं तर आमचं निम्मं यंत्र बाद होईल. पोरगा तयार आहे, मामा तर हे केव्हाचे म्हणतात.